किनाबातांगानच्या काठावरचा एक दिवस

सिंगापूर, बोर्निओ, क्वालालंपूर अशी सहल असली की लोकांचा उत्साह दोन्ही टोकांच्या शहरांसाठी असतो. मधलं जंगल म्हणजे 'वाटेत आहे, तर बघून घेऊ'. टूर मॅनेजर म्हणून मला मात्र ओढ असते ती त्या मधल्या मुक्कामाची, बोर्निओ बेटावर मलेशियाच्या सबाह राज्यातल्या किनाबातांगान नदीकाठच्या सुकाऊ गावाची. गेल्या सहलीतला तिथून निघण्याचा दिवस सांगण्यासारखा आहे.

पहाटे सहाला होड्या सोडल्या. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं रात्री काठावरच्या झाडांवर झोपतात आणि उजाडलं की आत निघून जातात, म्हणून पहाटेसाठी माझा हट्ट असतो. आमचा नावाडी ओरांग सुंगाई समाजाचा, याच नदीवर वाढलेला. पहिल्याच वळणावर त्याने इंजिन बंद केलं. फांदीवर थोराड नर, त्याच्याभोवती माद्या आणि पिल्लं. ही माकडं जगात बोर्निओ सोडून कुठेही नाहीत.

तेवढ्यात डोक्यावरून पंखांचा मोठा घुमारा गेला. नावाड्याने बोट दाखवायच्या आधी देवरुखच्या काकूंनी मान वर केली होती. "हा धनेश! आमच्या देवराईतला असाच आवाज करत जातो." तो ऱ्हायनोसेरस हॉर्नबिल होता, चोचीवर केशरी शिंग असलेला. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला बारीकशा फटीतून फळं भरवतो, हे काकूंनी इतकं रंगून सांगितलं की मी मध्ये एक शब्दही बोललो नाही.

पुढे गवताळ काठावर हत्ती दिसले. बोर्निओचे हत्ती चणीने लहान, शेपटी जवळजवळ जमिनीपर्यंत पोचणारी. कळपात पिल्लं होती. "अजून जवळ घ्या ना, फोटो नीट येत नाही," असा आग्रह सुरू झाला. मी नाही म्हटलं. पिल्लू सोबत असताना हत्तिणीला मागे सरावं लागेल इतकं जवळ जायचं नसतं. थोडी नाराजी झाली, पण होडी हलली नाही, आणि कळप निवांत चरत राहिला.

परतताना एक काका म्हणाले, "एवढे प्राणी इतक्या सहज दिसतात, म्हणजे जंगल केवढं मोठं असेल!"

हा प्रश्न येतोच, आणि तो गोड बोलून टाळणं मला पटत नाही. इथे प्राणी सहज दिसतात, कारण त्यांना मागे सरकायला जागा उरलेली नाही. 2005 साली अभयारण्य जाहीर झालं ते सुमारे 26 हजार हेक्टरचं, तेही नदीच्या दोन्ही बाजूंना तुकड्यातुकड्यांनी. त्यापलीकडे पाम तेलाचे मळे. सेपिलोकच्या रस्त्याला लागल्यावर खिडकीतून ते सगळ्यांना दिसले: एकसारख्या रांगा, बराच वेळ तेच. काकांनी चिवड्याचं पाकीट उलटं करून वाचलं. पामोलिन. जगात सर्वांत जास्त पाम तेल आयात करणारा देश आपला आहे, हे मी तेव्हाच सांगितलं.

सेपिलोकचं ओरांगउटान पुनर्वसन केंद्र 1964 पासूनचं. दुपारी तीनला फळं ठेवतात. "रोज तेच तेच का देतात?" असं एका मुलीने विचारलं. मुद्दामच, कंटाळून त्यांनी जंगलात स्वतः खाणं शोधावं म्हणून. त्या दिवशी मचाणावर फारच थोडे आले. लोक हिरमुसले, पण तिथल्या कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने ती चांगली बातमी होती, आणि हे समजल्यावर त्या मुलीने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळच्या विमानाने क्वालालंपूर. 452 मीटर उंचीचे पेट्रोनास मनोरे उजळलेले होते, फोटो झाले, जेवण झालं. जेवताना बोलणं मात्र हत्तींचंच चाललं होतं.

हॉटेलवर पोचल्यावर मी ऑफिसला लिहिलं: पुढच्या गटापासून सिंगापूरमधल्या खरेदीचा वेळ कमी करा आणि सुकाऊत एक रात्र वाढवा. होकार आला आहे.