ऑपरेशन पोटाचं, मग पाय का सुजला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी पायाकडे बघून विचारतंच, "ऑपरेशन पोटाचं झालं ना? मग पाय कसा सुजला? आणि पाण्याची गोळी का घेत नाहीस?"

गर्भाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये माझ्या ओटीपोटातल्या लसिका ग्रंथीही (लिम्फ नोड्स) काढल्या. आजार तिथवर पोचलाय का, ते त्यावरून कळतं. पण पायातून वर येणाऱ्या लसिकेचा, म्हणजे ऊतींमधून रक्ताकडे परतणाऱ्या पातळ द्रवाचा, रस्ता नेमका त्याच ग्रंथींमधून जातो. तिला रक्तासारखा हृदयाचा जोर नाही. बारीक नळ्यांचं आकुंचन, त्यांच्यातल्या झडपा, चालताना दाबली जाणारी पोटरी आणि खोल श्वास, एवढ्यावर ती वर चढते. रस्ता तुटला की खालीच साचते. तिच्यात प्रथिनं असतात. गोळीनं पाणी लघवीवाटे जातं, प्रथिनं तिथंच राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात.

माझं माहेर चंद्रपूरचं. तिकडे सुजलेला पाय म्हणजे हत्तीपाय, हे ठरलेलंच. त्यात डासातून आलेले जंत लसिकेच्या वाहिन्या बिघडवतात. माझ्या बाबतीत डास निर्दोष आहे.

दुखतं का? सूज जड वाटते, ताणते, पण ठणकत नाही. दुखतात ते स्नायू. एक पाय ओढत चालल्यानं चाल बदलते आणि संध्याकाळी खुबा, कंबर, मांडी भरून येते. मग कुणी तेल लावून जोरात रगडायला सांगतं. लसिकेचं मालीश मात्र इतकं हलकं असतं की पहिल्यांदा मला फसवणूकच वाटली. शिवाय सुरुवात पायापासून नाही, मानेपासून! आधी वरची वाट मोकळी करायची, मग खालचं सरकवायचं. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी दाबाचा मोजा चढवायचा. मे महिन्यात तो कसा वाटतो ते विचारू नका. व्यायाम मात्र मोजा घालूनच, हळूहळू वाढवत. नुसतं बसून राहिलं तर पोटरीचा पंपही बंद.

पोटरी एकाएकी दुखून सुजली तर ते स्नायूंवर ढकलायचं नाही. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करायचं. पाय लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला, तर जंतुसंसर्ग, त्यालाही थांबायचं नाही. छोट्याशा चिरेतूनही तो शिरतो, म्हणून देवळात अनवाणी प्रदक्षिणा आता बंद. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, आता त्याच माझ्यासाठी बाहेर थांबतात.