खाऱ्या वाऱ्यातले डेलिया: तिसऱ्या हंगामाची वही

गुहागर, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा

यंदा चौदा जाती लावल्या होत्या. त्यातल्या आठ काढून टाकायच्या ठरवल्यात. कालपासून वही उघडून बसलेय आणि प्रत्येक नावावर फुली मारताना हात अडतोय, पण जागा जेमतेम अर्धा गुंठा. विहिरीच्या मागे नारळ-पोफळीच्या सावलीतून सुटलेला तेवढाच उन्हाचा तुकडा आहे. माती जांभ्याची, तांबडी. समुद्र पायी दहा मिनिटांवर.

पहिल्या वर्षी मी जाती निवडल्या त्या सरळ फोटो बघून. ताटाएवढं फूल दिसलं की मागव. ‘केल्विन फ्लडलाइट’ मागवला, ‘कॅफे ओ ले’ मागवला, ‘थॉमस एडिसन’ मागवला. कंद आले मार्चच्या सुरुवातीला, कारण हॉलंडचे कंद तिकडच्या वसंताच्या हिशोबाने निघतात. आपल्याकडे तेव्हा उन्हाळा तोंडावर आणि मागोमाग चार महिने पाऊस. लावले तर जूनमध्ये कुजणार, ठेवले तर सप्टेंबरपर्यंत सुकणार. मी निम्मे लावले, निम्मे ठेवले. लावलेले सगळे कुजले, ठेवलेल्यांतला एक उगवला. तेव्हापासून माझा नियम: नवी जात घ्यायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुळं धरलेलं छाट कलमाचं रोप घ्यायचं. कंद त्याला हंगामाअखेर आपोआप येतात आणि ते आपल्या मातीत, आपल्या वेळापत्रकाने तयार झालेले असतात.

आणि कंद घेणारच असाल तर मान बघा. कंद कितीही गलेलठ्ठ असला तरी डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, असतो तो मानेच्या वरच्या टोकाला, जुन्या खोडाच्या बुडाशी. मान मोडली की कंद फक्त रताळं. (रताळ्यावरून आठवलं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्या वर्षी टोपलीत बघून विचारलं होतं, “भाजून बघू या का गं एखादं?” अगदीच गैर नव्हतं ते. मेक्सिकोत पूर्वी हे कंद खात असत, आणि कंदांत इन्युलिन (एक तंतुमय कर्बोदक) भरपूर असतं. पण एका कंदाला मोजलेले पैसे मी त्यांना अजून सांगितलेले नाहीत.)

आता मुख्य गोष्ट, जी कळायला मला दोन हंगाम लागले. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला, दिवसा ऊन आणि रात्री गारवा असणारा. आमच्या किनाऱ्यावर जानेवारीतही रात्रीचा पारा 18-19 अंशांच्या आसपासच रेंगाळतो. त्यात डिसेंबरातला दिवस जेमतेम 11 तासांचा. दिवस 12 तासांच्या आत आला की हे झाड फुलांपेक्षा कंद पोसायच्या मागे लागतं. म्हणजे आपण फुलांची वाट बघत असतो तेव्हा ते जमिनीखाली तिजोरी भरत असतं. त्यातही जी फुलं येतात त्यांच्या पाकळ्या कमी भरतात आणि मधला पिवळा डोळा लवकर उघडा पडतो. दहा इंची डेकोरेटिव्ह, म्हणजे गच्च पाकळ्यांच्या, फुलाचा मधला डोळा उघडा पडला की ते उसवलेल्या उशीसारखं दिसतं. कॉलरेट (डोळ्याभोवती आखूड पाकळ्यांची कॉलर असलेलं) किंवा एकेरी फुलाचा डोळा मुळातच उघडा, तिथे बिघडायचं काय!

तेव्हा माझी निवड आता आकाराकडून प्रकाराकडे वळलीय. यंदाच्या नोंदी अशा.

‘कॉर्नेल’, गडद लाल, बॉल प्रकार, फूल मुठीएवढं. 12 डिसेंबरला पहिलं फूल, काल मोजलं तेव्हा झाडावर नऊ. दांडा ताठ, फूल फुलदाणीत पाच दिवस टिकलं. पाकळ्या नळीसारख्या आत वळलेल्या असल्यामुळे खाऱ्या वाऱ्याने कडा करपल्या तरी पटकन दिसत नाही. ही जात राहणार, त्यात चर्चा नाही. पॉम्पॉनमधला जांभळट ‘मूर प्लेस’ही राहणार. पॉम्पॉन म्हणजे दोन इंचांच्या आतला गोळा. कळ्या खुडत बसायला नको, झाड आपलं आपण फुलत राहतं.

‘बिशप ऑफ लॅन्डाफ’ माझा लाडका. काळपट पानं, त्यावर शेंदरी लाल अर्धदुहेरी फूल. फुलं नसली तरी झाड शोभतं. यंदा मात्र त्याच्यावर मावा आला आणि दोन झाडांच्या पानांवर पिवळ्या चट्ट्यांची नक्षी उमटली. मोझॅक म्हणतात तो विषाणू. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो आणि त्यावर औषध नाही. दोन्ही झाडं कंदासकट उपटून जाळली. ब्लेड प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायची सवय मला आधी लावायला हवी होती. उरलेली दोन निरोगी दिसतात, त्यांना एक वर्ष आणखी देतेय, पण वेगळ्या कोपऱ्यात, कुंडीत.

आता ‘केनिया’. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत या नावाने पांढरा, पिवळा, नारिंगी असे मोठे डेलिया मिळतात आणि बाग करणाऱ्या सगळ्यांना तेच हवे असतात. वाढतात छान. पण जोडीला चिव्याच्या दोन काठ्या, केळीच्या सोपटाची बांधणी, टोकाच्या तीन कळ्यांतली मधली ठेवून बाजूच्या दोन खुडणं, हे सगळं करायचं आणि एका फांदीला एकच फूल घ्यायचं. मी पांढऱ्याचं केलं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात फूल उमललं, आठ इंच भरलं, मी पट्टीने मोजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मागे गेले तर विहिरीच्या काठावर वांदर बसलेलं. हातात माझं फूल. एकेक पाकळी तोडून चवीने खात होतं, आणि मी ओरडले तर माझ्याकडे बघून उरलेला देठ खाली टाकला. दोन महिने कळ्या खुडून वाढवलेलं फूल! शेजारचे भाऊ म्हणाले, “वहिनी, त्याला पण वर्षातून एकदा पांढरं बघायला मिळालं.” बॉल आणि पॉम्पॉनची दहा-पंधरा फुलं असतात तेव्हा दोन गेली तर वाईट वाटत नाही. एकच मोठं असेल तर सगळी बाग गेल्यासारखी वाटते. निवड करताना हाही हिशोब धरा.

पडवीतल्या एका कुंडीची नोंद वेगळी करतेय. ‘ज्योत्स्ना’ नावाने घेतलेलं रोप (नाव विकणाऱ्याच्या भरवशावर) पडवीच्या दिव्याखाली होतं. तो दिवा संध्याकाळपासून रात्री दहापर्यंत जळतो. त्याची फुलं बागेतल्या जोडीदारापेक्षा पंधरा दिवस उशिरा आली पण जास्त भरलेली, मधोमध डोळा नाही. एका कुंडीवरून मी काही सिद्ध करत नाही. पण दिवस वाढवल्यासारखं झालं असेल तर हे दिवस-रात्रीच्या गणिताला धरून आहे. पुढच्या वर्षी नोव्हेंबरपासून चार कुंड्या दिव्याखाली, चार अंधारात ठेवणार.

बियांचंही सांगायला हवं. डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे बियांपासून आलेलं रोप आईबापांसारखं निघेल याची हमी नाही. चांगली जात टिकवायची तर कंद नाहीतर कलम. पण बुटक्या एकेरी डेलियाचं मिश्र बियांचं पाकीट स्वस्तात मिळतं. ते सप्टेंबरअखेर ट्रेमध्ये पेरलं तर डिसेंबरअखेर फुलं. यंदा त्यातून बावीस रोपं जगली. पिवळी सर्वात जास्त, दोन तांबूस, आणि एक पांढरं, काठाला गुलाबी, जे मला विकत घेतलेल्या निम्म्या जातींपेक्षा आवडलं. त्याचा कंद ठेवणार. नाव अजून नाही. निळं एकही निघालं नाही आणि निघणारही नाही, खरा निळा डेलिया नाहीच. “दुर्मिळ निळा” म्हणून कोणी विकत असेल तर पैसे जपा. मी गेल्या वर्षी घेतला होता. फुलल्यावर जांभळाही नव्हता, सरळ गुलाबी.

27 फेब्रुवारी

गरम व्हायला लागलंय. पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी दिसले, बारीक जाळी धरलीय. पाण्याचा जोराचा फवारा पानाखालून मारतेय. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) जानेवारीत येऊन गेली, खालची पानं काढल्यावर आटोक्यात राहिली. ‘थॉमस एडिसन’वर आज फुली मारली. रंग अप्रतिम, पण तीन वर्षांत माझ्याकडे मिळून सात फुलं.

‘कॅफे ओ ले’वरही. त्याला इथे गारवा मिळत नाही आणि तो ते लपवतही नाही.

9 एप्रिल

पाणी मार्चअखेर तोडलं होतं, परवा कंद काढले. कुंडीतले तसेच कुंडीत ठेवून कुंड्या पडवीत आडव्या केल्या. गेल्या वर्षी हीच पद्धत सगळ्यात चांगली ठरली, दहातले आठ जगले. जमिनीतले काढून सावलीत दोन दिवस वाळवले, आणि कोरड्या वाळूत राख मिसळून जुन्या माठात भरलेत. खोड बुडापासून चार बोटं ठेवून कापलं आणि उलटं टेकवून पाणी निथळू दिलं. डेलियाचा दांडा पोकळ असतो, नोव्हेंबरच्या अवकाळीत कापलेल्या दांड्यात पाणी साचून माझी तीन झाडं मानेशी कुजली होती.

लेबलं यंदा थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून केलीत, वर खिळ्याने नाव कोरलंय. मार्करची शाई एका पावसाळ्याच्या दमटपणात उडते.

माठात गेले ते: ‘कॉर्नेल’ चार, ‘मूर प्लेस’ तीन, एक लाल-पिवळा कॉलरेट ज्याचं नाव हरवलंय, आणि ते बिनानावाचं पांढरं-गुलाबी. ‘बिशप’ आणि ‘ज्योत्स्ना’ कुंडीतच. सहा झाल्या. माठ माळ्यावर चढवताना आईंनी खालून विचारलं, “आणि तो मोठा पांढरा?”

“नाही ठेवला, आई. वांदर खातं.”

“अगं, देवाला वाहायला तेवढाच तर बरा होता. एक तरी ठेव.”

माठ पुन्हा खाली उतरवला. ‘केनिया’चा एक कंद वाळूत खोचला. सात.