आत्याचा अंगठा मशीनवर उमटेना

२०११ सालची गोष्ट. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती, मी सुट्टी काढून गावी गेले होते, सकाळी बाबा म्हणाले चल तालुक्याला, आत्याचं एक कागदाचं काम आहे, तू असलीस म्हणजे वाचायला बरं. आत्या आदल्या दिवशीच मुक्कामाला आली होती. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, जमीन फार नाही, पण विहिरीचं पाणी आहे आणि ऊस होतो, त्यामुळे जे आहे त्याला किंमत आहे.

दुय्यम निबंधक कार्यालयात दुपारपर्यंत बसलो. नंबर आला तेव्हा ऑपरेटरने कॅमेऱ्यासमोर आत्याचा फोटो काढला आणि अंगठा ठेवायला सांगितला. अंगठा काही उमटेना. जन्मभर भांगलण, शेणकूट, सारवण आणि धुणं करून तिच्या अंगठ्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. ऑपरेटर म्हणाला मावशी अंगठा पुसा, तिने पदराने पुसला, मग म्हणाला जरा घासून गरम करा, तिने घासला, दाबून ठेवला, परत नाही. सहाव्या की सातव्या वेळेला एकदाचा आला. आत्या हसली आणि म्हणाली, "आलं बाई एकदाचं, नायतर तुमचं काम अडलं असतं माझ्यामुळं."

तो कागद होता हक्कसोड पत्र, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला आपला हक्क सोडून दिल्याचा कागद. वाचून मीच दाखवलं होतं. त्यात लिहिलं होतं की मी हे राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, विनामोबदला लिहून देत आहे. आणि ज्या भावाच्या नावाने तिने हक्क सोडला तो भाऊ म्हणजे माझे बाबा. बाहेर आल्यावर आम्ही मिसळ खाल्ली, बाबांनी तिला दुकानात नेऊन साडी घेतली, संध्याकाळच्या गाडीला बसवून दिलं. बाबा वाईट माणूस नव्हते हे मला इथं लिहायचंच आहे. बहिणीच्या सुखदुःखाला ते धावून जायचे, तिच्या पोरीच्या लग्नात आठ दिवस राबले होते. त्यांच्या मनात एकदाही आलं नसेल की आपण तिचं काही घेतोय. माझ्याही मनात आलं नाही, हे जास्त टोचतं, कारण मी शिकलेली होते आणि मला कायदा माहीत होता.

कायदा तर आपल्या राज्यात खूप आधी आला. ज्या पुण्यात १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतिरावांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, ज्या महाराष्ट्रात ताराबाई शिंदे १८८२ मध्ये बाई आणि पुरुषाची तुलना मांडणारं पुस्तक लिहितात, तिथं हे नवल नाहीच. १९९४ मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण आणलं आणि त्याच वर्षी हिंदू वारसा कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून मुलीला जन्मानेच वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. एक अट मात्र होती, तो कायदा लागू होण्याआधी जिचं लग्न झालंय तिला तो हक्क नाही. म्हणजे आमच्या आत्यासारख्या सगळ्या बाहेरच. ती अट केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने गेली, आणि २००५ मध्ये बाप हयात होता का नाही यावरून कोर्टात वर्षानुवर्षं चाललेला वाद सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला, हक्क जन्माने आहे, बाप हयात असण्या-नसण्यावर नाही. आजोबा गेले २००९ मध्ये. म्हणजे आत्या तालुक्याला ज्या दिवशी बसली होती त्या दिवशी ती त्या जमिनीची बाबांइतकीच मालक होती, आणि तिला वाटत होतं आपण भावाचं अडलेलं काम करून देतोय.

हे काम अडतं कसं ते सांगते, कारण शहरातल्या बऱ्याच जणींना हे माहीत नसतं. बाप गेला की तलाठ्याकडे (आता पद ग्राम महसूल अधिकारी झालंय, तोंडात मात्र तलाठीच) वारस नोंदीचा अर्ज जातो, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर आई, भाऊ, बहिणी सगळ्यांची नावं लागतात. पूर्वी तर तेही नव्हतं, थोरल्या मुलाच्या नावापुढे ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर लिहिलं की झालं, बाकीच्यांची नावंच नाहीत. आता ती नोंद निघतेय, २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला घेतली, हे खरंच चांगलं काम आहे. पण नाव लागलं की गावच्या सहकारी सोसायटीचं पीक कर्ज काढायला सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात, विहिरीची मोटार असो की पाइपलाइन, प्रत्येक ठिकाणी संमती लागते, आणि मग भाऊ फोन करतो, अगं ताई एकदा येऊन सही करून जा, म्हणजे सारखी तुला तकलीफ नको. म्हणजे एका टेबलावर बाईचं नाव लागतं आणि दुसऱ्या टेबलावर निघतं, मधे काही महिन्यांचं अंतर असेल नसेल.

आणि ते नाव निघून जाण्याला कुणी जबरदस्ती म्हणत नाही, कारण जबरदस्ती नसतेच मुळी. माहेर असतं. मी नंतर बऱ्याच वर्षांनी आत्याला विचारलं होतं, तू का केलीस सही. ती म्हणाली, "अगं दोन पांड जमिनीपायी भावाशी वैर घेऊ व्हय, उद्या सासरी काय झालं तर मी कुणाच्या दारात जाऊ, माहेरची वाट बंद हुईल." हे तिचं भित्रेपण नाही, हा तिचा हिशोब आहे आणि पूर्ण विचार करून केलेला हिशोब आहे. सासरच्या जमिनीवर तिचं नाव नव्हतं, हातात पगार नव्हता, तिच्याकडे एकच विमा होता तो म्हणजे भाऊ, आणि तिने हप्ता भरला. त्यामुळे बायकांना हक्क कळत नाहीत, जागृती करा, असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. कळतात की. पण हक्क घेतल्यावर जे तुटेल ते भरून द्यायला कोण येणार आहे ते सांगा.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हे ओळखलं होतं. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन झालं आणि पुढे लक्ष्मीमुक्ती नावाने मोहीम निघाली, नवऱ्याने आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर करायचा. गावोगाव पुरुषांनी केलाही. मला ती कल्पना फार महत्त्वाची वाटते कारण तिथं बाईला मागायला लावलं नव्हतं, ज्याच्याकडे होतं त्याला द्यायला सांगितलं होतं. नुसता कायदा हे करू शकत नाही.

बाकी काय बदललंय ते डोळ्यासमोर आहे आणि ते मला नाकारायचं नाही. पंचायतीत आधी ३३ टक्के आणि २०११ पासून ५० टक्के जागा बायकांना. आमच्या गावात पहिली बाई सरपंच झाली तेव्हा खुर्चीत तिचा नवरा बसायचा आणि ती चहा पाठवायची, पुढच्या खेपेला दुसरी आली ती स्वतः बसायला लागली, ग्रामसभेत थरथरत्या आवाजात का होईना बोलायची, तिच्यामुळे शाळेतल्या मुलींच्या संडासाला पाणी आलं. हा फरक दहा वर्षांत मी पाहिलाय. हेरवाडने, शिरोळ तालुक्यातलं गाव ते, मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, आणि पंधरा दिवसांच्या आत सरकारने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. मार्च २०२३ पासून एसटीला अर्धं तिकीट आहे. याला मतांचं राजकारण म्हणणाऱ्यांनी एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी गाडीत बसून बघावं, ज्या बायका वर्षातून दोनदा माहेरी जायच्या त्या आता महिन्याला जातात, दवाखान्यात एकट्या जातात. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव. लाडकी बहीणचे दीड हजार येतात तेही तिच्याच खात्यात.

पण नाव कुठं नाही हे बघायचं तर ऊसतोडीला जाणाऱ्या बाईकडे बघा. आमच्याकडे दिवाळीनंतर टोळ्या येतात, बऱ्याचशा बीडकडून, फडाच्या कडेला पालं पडतात. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल म्हणजे आगाऊ पैसे नवऱ्याच्या हातात, हिशोब मुकादम आणि नवऱ्यात. ती पहाटे उठून भाकरी थापते, मोळ्या डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रकवर चढवते, आणि तिची मजुरी अशी वेगळी कुठंच लिहिलेली नसते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण बाहेर आलं, सरकारने समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यात तिशीतल्या बायकाही होत्या. काम चुकलं की खाडा आणि खाड्याचा दंड, म्हणून दुखणंच नको. ते वाचलं त्या रात्री मला झोप नव्हती, आणि सकाळी चहात साखर घालताना हात थांबला होता.

त्याच बीडमध्ये २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८०७ होत्या, राज्यातल्या सगळ्यात कमी, आणि हे अशा राज्यात जिथं गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये झाला. २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या मुलींपैकी जवळपास २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, परभणी-बीडकडे हा आकडा चाळीसच्या वर. आईबाप तोडीला गेल्यावर वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून लग्न लावून मोकळं व्हायचं. आणि सोबत लग्न झालेलं जोडपं आलं की एक कोयता वाढतो, हेही त्यात आहेच. पुण्या-मुंबईत बसून महाराष्ट्र पुरोगामी आहे म्हणताना हा पट्टा डोळ्याआड होतो. वरच्या बाजूला बघितलं तरी विधानसभेत २८८ मध्ये बायका पंचवीससुद्धा नाहीत, आणि राज्याला एकही महिला मुख्यमंत्री अजून झालेली नाही.

घरातलं तर बोलायलाच नको. २०२४ च्या देशपातळीवरच्या सर्वेक्षणात बिनपगारी घरकामाला बाई दिवसाला २८९ मिनिटं देते आणि पुरुष ८८. माझ्या घरी नवरा स्वयंपाक करतो, मनापासून करतो, पण गॅस संपत आलाय हे लक्षात ठेवणं माझ्याकडेच असतं आणि ते कुठल्याच मिनिटात मोजलं जात नाही.

असो, मूळ विषयावर येते. २०२२ मध्ये बाबा गेले. तेराव्यानंतर दोन महिन्यांनी भावाचा फोन आला, तोच फोन. "ताई, सोसायटीचं अडलंय, एकदा येऊन सही करून जा." मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं. मी म्हणाले कर्जाच्या कागदावर सही करते, हक्कसोडीवर नाही. पलीकडे तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, तुझ्या लग्नाला बाबांनी कर्ज काढलं होतं ते मी फेडलंय. खरंच फेडलंय त्याने. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन त्याने केलं, रोजचं दुखणंखुपणं तो आणि वहिनी बघतात. मी म्हणाले ते सगळं मांडू कागदावर, लग्नाचा खर्च माझ्या वाट्यातून कमी कर, आईचं जे झालं त्यातलं अर्धं मी देते, पण नाव काढायचं नाही. सहा महिने आम्ही नीट बोललो नाही. त्या वर्षी भाऊबीजेला मी गेले, त्याने ओवाळून घेतलं, ताटात पैसे टाकले, डोळ्याला डोळा दिला नाही. आत्या म्हणायची ती वाट बंद होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं, आणि माझ्याकडे तर नोकरी होती, स्वतःचं घर होतं. तिने कशाच्या जोरावर नाही म्हणायचं होतं?

हळूहळू निवळलं. वहिनीने मोठं काम केलं, ती त्याला म्हणाली की उद्या आपल्या पोरीलाही आपण हेच सांगणार का. आता सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी, तिघांची नावं सामाईक आहेत. दरवर्षी मार्चअखेर कर्ज भरतो आणि एप्रिलमध्ये नवंजुनं करायला मला जावं लागतं, अर्ध्या तिकिटात जाते, सोसायटीच्या सचिवांसमोर बसून सही करते, येताना आईजवळ दोन दिवस राहते.

मागच्या एप्रिलला आत्या आली होती, पंचाहत्तरीच्या पुढे गेलीय आता. तिने सातबारा बघायला मागितला. तिला अक्षरओळख बचत गटात झाली, सावकाश जुळवून वाचते. बोट फिरवत फिरवत माझ्या नावावर आली, वाचलं, आणि कागद घडी घालून माझ्या हातात दिला. काही बोलली नाही. त्या तिघांच्या नावाखाली जी जमीन आहे त्यात तिने सोडून दिलेला वाटाही आहे, कागदावर तो आता तिचा नाही आणि नोंदवून दिलेली हक्कसोड मागे फिरत नाही, पण बक्षीसपत्र करून आम्ही तिला तिचा तुकडा परत देऊ शकतो. मी त्या रात्री भावाला म्हणाले. तो म्हणाला, बघू. आई काहीच बोलली नाही, तिच्या नावावरही तिच्या माहेरचं काही नाही. येत्या एप्रिलला जाणार आहे तेव्हा हा विषय परत काढणार आहे.