शिकवायचं इंग्रजी, लिहायचं मराठीत

शाळेत आपल्या दोन वह्या होत्या, एक इंग्रजीची, एक मराठी निबंधाची. इंग्रजीचा प्राध्यापक होऊन मराठीत लिहायचं असेल, तर त्या दोन्ही जन्मभर सांभाळाव्या लागतात. ते जमतं. महेश एलकुंचवारांनी आपल्या नागपुरात इंग्रजी शिकवत मराठी नाटकं लिहिली. विंदा करंदीकर आणि नेमाडेही इंग्रजीचेच प्राध्यापक.

एम.ए.ला ५५ टक्के हवेत (राखीव प्रवर्गाला ५०), शिवाय नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा. नेटचा पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा विषयाचा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण, सलग तीन तास. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या भरतीला पीएच.डी. सक्तीची नाही, पण सहयोगी प्राध्यापक व्हायला लागतेच. जागा निघेपर्यंत बरेच जण तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवतात.

कायम झाल्यावर आठवड्याला १६ तास शिकवणं. त्याने लेखन अडत नाही. अडतं ते हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांच्या पेपर तपासणीने. गाईडमधली तीच ती उत्तरं दिवसभर वाचली की संध्याकाळी स्वतःचं वाक्य सुचत नाही. त्या दिवसांत नवं काही लिहू नये, जुनं तपासावं. दिवाळी अंकाची कथा मे-जूनमध्ये, कूलरसमोर बसून, पहाटेच उरकावी.

बढतीच्या तक्त्यात शोधनिबंधाला १० गुण, अनुवादित पुस्तकाला ८. कवितेला स्वतंत्र रकाना नाही, हे मला चुकीचं वाटतं. पण तक्ता असा आहे, म्हणून एखादा अनुवाद लवकर हाती घ्यावा.

खरी अडचण भाषेची. दिवसभर इंग्रजीत बोलल्यावर मराठी नकळत वाकते. ‘तो एक चांगला माणूस आहे’ यातला ‘एक’ इंग्रजीतून आलेला. ‘त्याच्याद्वारे निर्णय घेतला गेला’ असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही. ‘त्याने ठरवलं’ म्हणतात. पहिला खर्डा झाला की ‘द्वारे’, ‘माध्यमातून’ आणि ‘एक’ या शब्दांवर पेन्सिलीने गोल करावेत, मग सगळं मोठ्याने वाचावं. जिथे श्वास अडखळतो तिथे बहुतेकदा इंग्रजी वाक्य दडलेलं असतं. संवादात तर जास्तच जपावं. ‘मले’, ‘तुले’ पेरून वऱ्हाडी होत नाही. ‘काय करतो आहेस’ऐवजी ‘काय करून राह्यला’ असं क्रियापदच बदलावं लागतं.