नुसता शून्यावरचा काटा पुरत नाही: आमची वाटचाल

पुण्याच्या शनिवार पेठेतल्या एका बोळात दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचं आमचं दुकान आहे, अर्ध्या शटरचं. पाटी लहान, पण पेठांपासून धायरी, वडगाव शेरीपर्यंतचे फॅमिली डॉक्टर आमच्याकडे येतात. सुरुवात बाबांनी केली. ते एका सर्जिकलच्या दुकानात मेकॅनिक होते. मोठ्या हॉस्पिटलांच्या यंत्रांसाठी कंपन्यांची माणसं असतात, गल्लीतल्या दवाखान्याकडे मात्र कुणी फिरकत नाही, हे त्यांनी तिथेच पाहिलं. मग सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधून ते दवाखाने फिरू लागले.

तेव्हा मुख्य काम पाऱ्याच्या बीपी अ‍ॅपरेटसचं. ते उघडलं की बाबा आधी काचेच्या नळीच्या वरच्या टोकाकडे बघत. तिथे चामड्याची एक चकती असते. ती हवा जाऊ देते आणि पारा अडवते. चकती धुळीनं बुजली की उतरताना पारा रेंगाळतो. डॉक्टरांच्या कानातला ठोका थांबलेला असतो आणि पारा अजून वरच, म्हणजे बीपी आहे त्याहून जास्त दिसतं. एवढ्याशा चकतीपायी कुणाला जन्माची गोळी लागू नये, हे बाबांचं म्हणणं मी लहानपणापासून ऐकलं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून दुकानात आलो. इसीजी, नेब्युलायझर, सक्शन मशीन ही कामं वाढली. पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. एका डॉक्टरांचं डायलचं बीपी मशीन दुरुस्तीला आलं होतं. मी काटा शून्यावर आणला, हवा भरायचा रबरी बल्ब बदलला आणि परत दिलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. वर्षानुवर्षं बीपीच्या गोळ्या घेणारे तीन पेशंट एकदम छान कसे झाले? तपासलं तर शून्यावर काटा बरोबर होता, पण १६० च्या जागी १४८ दाखवत होता. बाबा मला घेऊन दवाखान्यात गेले, माफी मागितली. डॉक्टरसाहेबांनी तिघांनाही परत बोलावून तपासलं.

त्या दिवसापासून आमच्याकडे शून्यावरच्या काट्याला कुणी प्रमाण मानत नाही. टी-जोड, म्हणजे तीन तोंडांची नळी, लावून मशीन दाब अचूक दाखवणाऱ्या प्रमाणित गेजशी जोडायचं. ५०, १००, १५०, २०० वर, चढताना आणि उतरताना, दोन्हीकडे बघायचं. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर मशीन दुकानाबाहेर जात नाही. दंडाला गुंडाळायचा पट्टा, म्हणजे कफसुद्धा बघतो. जाड दंडाला लहान कफ बांधला तर बीपी वाढीवच येतं, म्हणून प्रत्येक दवाखान्यात किमान दोन मापांचे कफ ठेवा, असा आमचा आग्रह असतो. हा सल्ला आम्ही फुकट देतो आणि देत राहणार.

पुढे पाराच जायची वेळ आली. जपानमधल्या मिनामाता गावात पाऱ्याच्या सांडपाण्यानं माणसं पांगळी झाली. त्याच गावाच्या नावानं २०१३ साली पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१८ मध्ये भारतानंही त्याला मान्यता दिली. बाबा उघड्या हातांनी मऊ चामड्यातून पारा गाळत, ते आठवलं की आता भीती वाटते. जुन्या डॉक्टरांना पाऱ्याचं मशीन सोडवत नव्हतं. डिजिटल मशीन त्याच्या शेजारी ठेवून, एकाच दंडावर दोन्ही लावून दाखवलं, तेव्हा कुठे पटलं.

२०२० ला करोना आला आणि दवाखान्यात ऑक्सिमीटरला बीपी मशीनइतकंच महत्त्व आलं. तुटवडा असताना एका व्यापाऱ्याकडून एक खोकं घेतलं. बोटाऐवजी पेन्सिल घातली तरी ते ९८ दाखवत होते! त्या आकड्यावर कुणी घरीच थांबलं असतं तर? सगळं खोकं परत केलं. पैसे बुडाले, पण एकही ऑक्सिमीटर दवाखान्यात गेला नाही. चांगले आले त्यांच्यासोबत चिठ्ठी दिली: बोट गार नको, नेलपॉलिश नको, आकडा स्थिरावल्यावरच वाचा.

आता आम्ही तिघं आहोत. बाबा थकलेत, तरी रोज सकाळी तासभर दुकानात बसून ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेनं उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, गॅस्केटं (झाकणाची रबरी कडी) तपासतात. प्रत्येक मशीनवर तपासणीची तारीख चिकटवतो, वर्ष भरत आलं की फोन करतो. सोमवारी दवाखान्यांत गर्दी असते. म्हणून मशीन शनिवारी रात्री दवाखाना बंद झाल्यावर उचलतो, रविवारी तपासतो आणि सोमवारी पहिला पेशंट यायच्या आत टेबलावर ठेवून येतो.