तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे आपल्या लोकांची मुलं काढून घेतात का?

मी लंडनमधल्या एका कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या) बालसंरक्षण विभागात सोशल वर्कर आहे. सुट्टीत भारतात आले की कुणाच्याही घरी जेवायला बसा, हा प्रश्न ठरलेला: "हाताने भरवलं म्हणून मुलं उचलून नेतात म्हणे. आणि तुम्ही आपल्यातल्या असून त्यांच्यात कसं काम करता?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा २०११ चं नॉर्वेतलं प्रकरण असतं. तिथल्या एका भारतीय जोडप्याची दोन मुलं सरकारने ताब्यात घेतली होती, आणि हाताने भरवण्यावर, मुलाला जवळ झोपवण्यावर आक्षेप घेतला गेला, असं आईवडील सांगत होते.

मी इंग्लंडपुरतं सांगू शकते. अगदी तातडीच्या वेळी पोलिसांना ७२ तासांपुरता अधिकार आहे. तो सोडला तर आईवडिलांच्या मनाविरुद्ध मूल हलवायला कोर्टाचा हुकूम लागतो. मुलाला गंभीर इजा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे, हे १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टखाली तिथे दाखवावं लागतं. वरणभात हाताने भरवणं त्यात बसत नाही. हाच कायदा असंही सांगतो की सरकारी देखरेखीखालच्या मुलाचा वंश, धर्म, भाषा, संस्कृती विचारात घ्या.

तरी तुमची भीती पोकळ नाही. इथल्या कृष्णवर्णीय मुलांचं सरकारी देखरेखीखालचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे. डिसेंबर २०२० मध्ये लंडनच्या हॅकनी भागातल्या एका शाळेत पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीची गांजाच्या संशयावरून पोलिसांनी कपडे उतरवून झडती घेतली. तिची पाळी चालू होती. सोबत आई नव्हती, दुसरं कुणी जबाबदार मोठं माणूसही नव्हतं. सापडलं काहीच नाही. या घटनेवरच्या २०२२ च्या अहवालाने म्हटलं की यात वर्णद्वेषाचा हात असण्याची शक्यता आहे. तिच्यात मूल कुणाला दिसलंच नाही.

आशियाई मुलांचं मात्र उलट आहे, त्यांचं प्रमाण कमी आहे. हे ऐकून आपल्या लोकांना बरं वाटतं. मला वाटत नाही. "एशियन घरं आपलं आपण निस्तरतात" हे वाक्य मी कामाच्या ठिकाणी ऐकलेलं आहे. असं म्हणत म्हणत दार ठोठवायचंच राहून जातं, आणि आत एखादं पोर मार खात असतं. मला हाही वर्णद्वेषच वाटतो.

व्हिक्टोरिया क्लिम्बिए हे नाव इथल्या प्रत्येक सोशल वर्करला माहीत असतं. आयव्हरी कोस्टची मुलगी, बोलायची फ्रेंच. १९९९ मध्ये सातव्या वर्षी नात्याने आजी लागणाऱ्या एका बाईबरोबर लंडनला आली, आणि त्या बाईच्या घरी झालेल्या छळाने २५ फेब्रुवारी २००० ला मरण पावली. अंगावर १२८ जखमा होत्या. त्याआधी एका हॉस्पिटलात तिच्या अंगावरच्या खुणा पाहून खरूज असं निदान झालं होतं. त्या बाईसमोर ती ताठ, गप्प उभी राहायची. आफ्रिकन-कॅरिबियन घरांत वडीलधाऱ्यांचा मान असाच राखतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. अर्थ लावणारी सोशल वर्कर स्वतः कृष्णवर्णीय होती. म्हणून "तुम्ही आपल्यातल्या" या शब्दांवर मी विसंबत नाही. तिच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या लॉर्ड लॅमिंग यांच्या २००३ च्या अहवालातली एक गोष्ट मी कधी नजरेआड होऊ देत नाही: या मुलीच्या गरजा दुसऱ्या कुठल्याही सात वर्षांच्या मुलीसारख्याच होत्या.

एक घर सांगते, ओळख पटेल ते गाळून. ओली बाळंतीण, इंग्रजी जेमतेम, सगळी उत्तरं नवरा देतो. बाळाच्या कमरेखाली निळसर डाग, म्हणून आमच्याकडे प्रकरण आलेलं. रांगतही नसलेल्या बाळाला मुका मार आपोआप लागत नाही, तेव्हा असा डाग दिसला की चौकशी व्हायलाच हवी. पण आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना ही जन्मखूण असते. ती दाबली तर दुखत नाही, आठवड्याभरात हिरवी-पिवळी पडत नाही. जन्मल्याबरोबर बाळाच्या रेड बुकात (तब्येतीच्या नोंदवहीत) तिची नोंद झाली तर पुढचा सगळा ताप वाचतो. इथे ती नव्हती. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं: जन्मखूणच.

एवढ्यावर फाइल बंद करता आली असती. पण बाळाच्या आईशी अजून कुणी बोललंच नव्हतं. नवऱ्याला बाहेर बसवून फोनवर मराठी दुभाषी घेतली. (मला मराठी येतं, पण ऐकायला, टिपून ठेवायला तिसरं माणूस असलेलं बरं.) बाईंनी आधी विचारलं, "ह्या ताई कुठल्या गावच्या?" बोललेलं माहेरी-सासरी पोचेल, ही धास्ती. दुभाषी अनोळखी आहे, गुप्तता पाळायला बांधलेली आहे, हे नीट सांगितल्यावर मग पासपोर्ट नवऱ्याकडे, फोन नवऱ्याकडे, घराबाहेर एकटीने पाऊल नाही, असं एकेक निघालं. पाहायला गेलो होतो बाळाचा डाग, आणि मदत हवी होती आईला.

मराठी घरात मलाही प्रश्न येतो: "आडनाव काय? मूळचे कुठले?" कशासाठी, ते तुम्हालाही कळतं. मुलाला काही दिवस नातेवाईक किंवा कौन्सिलने नेमलेल्या पालक-कुटुंबाकडे ठेवायची वेळ येते तेव्हा "त्यांच्याकडे नको, ते आपल्यातले नाहीत" असं जातीवरून म्हणणारे भेटतात. इथल्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख घालायचा नाही, असं सरकारने २०१८ मध्ये ठरवलं. पण मी ते अहवालात "सांस्कृतिक पसंती" म्हणून लिहीत नाही. जातीवरून नकार, असंच लिहिते. गोऱ्या माणसाने आपला रंग पाहून घर नाकारलं तर आपण जे म्हणू, तेच इथेही म्हणायला हवं.

आमच्यापैकी कुणी तुमच्या दारात आलंच, तर घाबरून दार लावून घेऊ नका. कशासाठी आलात ते लेखी मागा. दुभाषी मागा, आणि नवऱ्याला किंवा शाळकरी मुलाला ते काम करू देऊ नका. प्रकरण कोर्टात मूल काढून घेण्यापर्यंत गेलं तर आईवडिलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, पगार कितीही असो. आणि शेजारच्या मराठी घरातून रोज पोराचा मार खाल्ल्याचा आवाज येत असेल, तर आपली माणसं आहेत म्हणून थांबू नका. कौन्सिलला फोन करा. नाव सांगितलं नाहीत तरी चालतं.