एलिमेंट्री, इंटरमिजिएट आणि आमचे चित्रकलेचे सर

डिझाइन शिकायचं तर मोठ्या कॉलेजातच जावं लागतं असं सगळे धरून चालतात, पण साध्या मराठी शाळेतल्या माझ्यासारख्या कितीतरी जणांची सुरुवात एलिमेंट्री-इंटरमिजिएट या शाळेत असताना देता येणाऱ्या सरकारी चित्रकला परीक्षांनीच झालीय. वस्तुचित्र, स्मरणचित्र सगळ्यांना आठवतं, पण त्यात संकल्पचित्र असायचं आणि भूमिती-अक्षरलेखनाचा पेपरही, म्हणजे एकच आकार परत परत वापरून जागा भरायची, रंग मोजके ठेवायचे, दोन अक्षरांमधलं अंतर नजरेने जोखायचं, आणि आज अ‍ॅपच्या स्क्रीन्स करताना मी रोज हेच करते.

आमचे सर मला फळ्यावर सुविचार लिहायला लावायचे. लिहून झालं की मागच्या बाकापाशी उभं करून म्हणायचे, अक्षर नको बघू, मधली रिकामी जागा बघ. जे.जे. म्हणजे मुंबईचं कलेचं कॉलेज, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं, सर घरी येऊन बाबांशी बोलले म्हणून मी तिथवर पोचले.

नंतर कळलं की आपल्याकडचं अक्षरांचं काम असंच पुढे आलंय. र. कृ. जोशी स्वतः जे.जे.चे, कवी, जाहिरातीत काम केलेले, मग आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात शिकवलं, आणि विंडोजवर आपण वर्षानुवर्षं वापरलेला मंगल फाँट त्यांचाच. सुलेखनकार अच्युत पालव जे.जे.च्या अप्लाइड आर्टला असताना जुन्या मोडी लिपीकडे वळले, जोशी सरांचं मार्गदर्शन मिळालं, उल्का या जाहिरात कंपनीच्या स्कॉलरशिपवर जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास केला आणि २०२५ला पद्मश्री! हात चांगला असणारी मुलं पुष्कळ असतात हो, त्या वयात त्यांच्यासमोर जुनी मोडी कागदपत्रं ठेवणारं कोणीतरी लागतं.

म्हणून चित्रकलेचा तास गणिताला दिला असं ऐकलं की मला खरंच त्रास होतो. शिक्षण हक्क कायद्यातही सहावी ते आठवीला कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, १०० पेक्षा जास्त मुलं असतील तरच, मग लहान गावातल्या शाळेने काय करायचं?

दहावीच्या वाढीव गुणांसाठी मुलांना या परीक्षांना बसवणारे पालक भेटतात. गुण घ्याच, पण सराव तिथेच सोडू नका, कारण बीएफए या कलेच्या पदवीच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे सीईटीला वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि डिझाइन हेच पेपर परत समोर येतात.